सायकलला सिग्नल लागू आहे का?

मागच्या अंकात सायकलच्या मागच्या लाइटवर चार ओळी लिहिल्या आणि गाडीवाले, सायकलवाले दोघंही पेटले, म्हणून या महिन्याचे सगळे सवाल-जवाब सायकल आणि रस्त्याच्या नियमांवरच. नवीन वाचकांसाठी सांगते, मी अपघात भरपाईच्या दाव्यांची वकिली करते आणि जमेल तिथे सायकलने जाते, त्यामुळे शिव्या दोन्हीकडून खायची सवय आहे.

प्रश्न : मी रोज भांडुपहून सायनला एलबीएस मार्गाने कारने जातो. मेट्रोच्या बॅरिकेडमुळे रस्ता आधीच निम्मा, त्यात सायकलवाले लाल सिग्नलला थांबत नाहीत, समोरून राँग साइडने अंगावर येतात, आणि नीट चालले तरी लेनच्या मधोमध. आमच्यावर कॅमेरे, ई-चलान, लायसन्स, पीयूसी, इन्शुरन्स. त्यांना काहीच नाही. कायदा काय फक्त कारवाल्यांनाच आहे का?
(भांडुपचे एक वाचक)

उत्तर : कायदा त्यांनाही आहे, फक्त तुम्ही म्हणताय तो नाही. १९८८ चा मोटार वाहन कायदा सायकलला मोटार वाहन मानत नाही, म्हणून लायसन्स नाही, नंबर नाही, इन्शुरन्स नाही, हेल्मेटची सक्तीही नाही कारण कलम १२९ मोटारसायकलपुरतं आहे. सिग्नल आणि पाट्या पाळायला सांगणारं कलम ११९, तेही मोटार वाहनाच्या ड्रायव्हरशीच बोलतं. इथवर वाचून सायकलवाल्यांनी टाळ्या वाजवू नयेत, कारण आपल्याकडे १९५१ चा पोलीस कायदाही आहे, पूर्वी मुंबई पोलीस कायदा म्हणायचे आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम, आणि त्यात वाहन म्हणजे काय ते सांगताना सायकल चक्क नाव घेऊन घातलीये. त्याचं कलम ९९ म्हणतं वाहन रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवा आणि पुढच्याला ओलांडायचं तर त्याच्या उजवीकडून. कलम ३३ खाली पोलीस आयुक्त वाहतुकीचे नियम काढू शकतात, चालणाऱ्यांसाठी, गाडीवाल्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठीसुद्धा. वर भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ आहे, म्हणजे जुनं आयपीसी २७९, सार्वजनिक रस्त्यावर कुठलंही वाहन बेदरकारपणे चालवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. एखाद्याने लाल सिग्नलला सायकल दामटली आणि झेब्रावरच्या आजींना पाडलं तर 'माझी सायकल आहे, मला कायदा नाही' हे कोर्टात पाच मिनिटंही टिकणार नाही.

आता ई-चलान का येत नाही, तर कॅमेरा नंबरप्लेट वाचतो आणि सायकलला नंबर नाही, एवढं साधं आहे. मग सायकलला नंबर द्या असं बरेच जण लिहितात. पूर्वी बऱ्याच गावांत नगरपालिकेचा सायकलचा बिल्ला असायचाच की, पण तो कर गोळा करायला होता, त्याने कोणी सिग्नलला थांबल्याचं ऐकिवात नाही. पहाटे पाव टाकणाऱ्याला, इडलीवाल्याला, चाकू-सुरीला धार लावणाऱ्याला नंबरासाठी रांगेत उभं करून एलबीएसवरचा प्रश्न सुटेल असं मला वाटत नाही.

तुमच्या तीन तक्रारी मात्र एका पिशवीत घालू नका, तीन वेगळ्या गोष्टी आहेत त्या.

राँग साइड. यात मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. सायकल ताशी २० ने चाललीये आणि तुम्ही ४० ने. ती तुमच्या पुढे त्याच दिशेने असेल तर तुम्ही तिच्याजवळ २० च्या वेगाने जाताय, ३० मीटरवर दिसली तरी हातात पाचेक सेकंद आहेत, ब्रेक मारा, बाजूने काढा, काहीही करा. तीच समोरून आली तर वेगांची बेरीज होते, ६०, आणि त्याच ३० मीटरला दोन सेकंदही मिळत नाहीत. वेग तिप्पट झाला की धडकेतली ऊर्जा नऊपट होते. वर राँग साइडवाल्याला कोणी बघतच नाही, गल्लीतून मेन रोडला डावीकडे वळणारा रिक्षावाला फक्त उजवीकडे मान वळवतो, कारण गाड्या तिकडूनच येणार असतात. दावे बघताना मला सगळ्यात जास्त राग याच प्रकाराचा येतो, वाचवलेलं अंतर बघितलं तर डिव्हायडरमधल्या पुढच्या कटपर्यंतचं असतं. पण हे का होतं तेही बघा, डिव्हायडर लांबच्या लांब सलग, समोरचं गेट दिसतंय पण यू-टर्न घ्यायला पार पुढच्या सिग्नलपर्यंत जायचं, तुमचं त्यात थोडं पेट्रोल जातं आणि त्याचा घाम. कारण समजतं, तरी सायकलवाल्याने ते करू नये. उतरावं आणि फुटपाथवरून ढकलत न्यावी, ढकलणाऱ्याला कोणी राँग साइड म्हणत नाही.

लाल सिग्नल. इथेही सायकलने थांबायलाच हवं. त्याचं कारण तुमची कार नाही. लाल सिग्नलला घुसणारा सायकलवाला कारला फार तर ओरखडा पाडेल, पण त्याच वेळी हिरवा माणूस बघून दादर स्टेशनसमोर किंवा कुर्ल्याला शेकडो लोक रस्त्यात उतरलेले असतात, त्यांना तो धडकतो. सायकलवाला स्वतःला रस्त्यावरचा सगळ्यात गरीब प्राणी समजतो आणि चालणाऱ्याला विसरतो. फक्त एक करा, पिवळा संपता संपता जो सायकलवाला चौकाच्या मधोमध अडकलेला दिसतो तो दरवेळी सिग्नल तोडून आलेला नसतो, हिरव्यात शिरलेला असतो पण आपले सिग्नल मोटारींच्या वेगाने लावलेत, रुंद चौक त्याला तेवढ्यात ओलांडता येत नाही. त्याला जाऊ द्या, हॉर्नवर बसू नका.

लेनच्या मधोमध. इथे मी सायकलवाल्याच्या बाजूने. डाव्या बाजूने म्हणजे गटाराच्या कडेने नाही. त्या कडेला काय काय असतं ते कारमधून दिसत नाही, पावसाळी गटाराच्या जाळ्या, त्यातल्या काहींच्या फटी सरळ रस्त्याच्या दिशेने, सायकलचं बारीक चाक अलगद आत जातं, उचकटलेले पेव्हर ब्लॉक, साचलेल्या पाण्याखालचे खड्डे, आणि पार्क केलेल्या गाड्या ज्यांचा दरवाजा कधीही उघडतो. शहाणा सायकलवाला या सगळ्यापासून मीटरभर लांब राहतो आणि मग तो तुम्हाला मधोमध वाटतो. चिंचोळ्या जागी तर त्याने मुद्दाम लेन अडवावी असंच मी सांगेन, कारण बॅरिकेडपाशी कडेला राहिला की मागचा माणूस 'मावतंय की' म्हणून आरशाने त्याचं हँडल घासतो. २०१७ चे मोटार वाहन चालवण्याचे नियम पण ड्रायव्हरला सांगतात की पादचारी, सायकलस्वार, लहान मुलं, म्हातारे यांची विशेष काळजी घ्या. दोघांनी नियम पाळावेत हे खरंच, पण टनभर वजनाच्या गाडीने तोडलेला नियम आणि वीस किलोच्या सायकलने तोडलेला नियम एकाच तराजूत घालून 'दोघंही सारखेच' म्हणायचं, हे मला पटत नाही आणि पटणार पण नाही.

प्रश्न : ताई, मी परळला ऑफिसला सायकलने जातो. सिग्नल हिरवा झाला की मागून बस, टॅक्सी, बाइक सगळे एकदम सुटतात आणि मी मध्ये चेंगरतो. म्हणून हिरवा व्हायच्या आधीच मी निघतो, ते जास्त सेफ वाटतं. अमेरिकेत सायकलला लाल सिग्नलची सूट आहे म्हणे, मग आपल्याकडे काय हरकत?
(परळ)

उत्तर : आहे सूट, पण पूर्ण वाक्य वाचा. अमेरिकेच्या आयडाहो राज्यात १९८२ पासून सायकलवाल्याला स्टॉपची पाटी असेल तिथे पूर्ण न थांबता, वेग कमी करून, कोणी नसेल तर पुढे जाता येतं. लाल सिग्नलला मात्र आधी पूर्ण थांबायचं, ज्याचा हक्क आहे त्याला जाऊ द्यायचं, मग निघायचं. आपल्याकडचे मित्र त्यातलं 'निघायचं' तेवढं लक्षात ठेवतात. पॅरिसमध्येही काही चौकांत सायकलला लाल असताना उजवीकडे वळता येतं, तिथली वाहतूक उजवीकडून म्हणजे आपलं डावं वळण झालं ते, पण फक्त जिथे तशी छोटी पाटी लावलीये तिथे, आणि पादचाऱ्याला आधी सोडून. ही सूट कायद्याने दिलेली आहे, तिथल्या ड्रायव्हरला माहितीये की सायकल इथून येऊ शकते. तुम्ही परळ नाक्यावर मनाने घेतलेली सूट बाकी कोणालाच माहीत नाही, आणि आडव्या बाजूने पिवळ्यात रेटणारा टॅक्सीवाला हा मुंबईत अपवाद नसून रोजचाच आहे. तुम्ही दोन सेकंद आधी निघता, तो दोन सेकंद उशिरा घुसतो, तुमची गाठ चौकाच्या मधोमध पडते.

तुमची भीती मात्र खरी आहे, तिच्यावर उपाय वेगळा. सिग्नलला पोचल्यावर बसच्या किंवा डंपरच्या डाव्या कुशीत कधीच उभं राहू नका. ड्रायव्हर उंच बसलेला असतो, डावीकडे खाली काय आहे ते त्याला दिसत नाही, आणि बस डावीकडे वळली की मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेषेत येत नाहीत, आतून कापत येतात, जिथे तुम्ही असता तिथूनच. एक तर तिच्या बऱ्याच पुढे जा जिथे ड्रायव्हरला तुमचं डोकं दिसेल, नाही जमलं तर मागे राहा, रांगेतल्या एखाद्या कारसारखे, लेनच्या मध्ये. हिरवा झाला की पहिले दोन-तीन पेडल जोरात मारता यावेत म्हणून थांबायच्या आधीच हलका गिअर टाकून ठेवा. मागचे हॉर्न मारतील. मारू देत.

सिग्नलला थांबलेला सायकलवाला बघून शेजारचा बाइकवाला 'काकू, सायकलला सिग्नल नसतो' असं ऐकवतो, मला तर कायम ऐकवतात. तो स्वतः तेव्हा झेब्राच्या पुढे उभा असतो ते सोडा.

प्रश्न : आधी सायकल ट्रॅक द्या, मग नियम सांगा. सी लिंकवर बंदी, कोस्टल रोडवर बंदी, आम्ही जायचं कुठून?
(माहीम)

उत्तर : चिडलात ते बरोबर आहे. सी लिंक ३० जून २००९ ला सुरू झाला तेव्हापासून तिथे दुचाकी, रिक्षा, सायकल कोणालाच प्रवेश नाही, कोस्टल रोडचंही तेच, अटल सेतूवर मोटारसायकलही चालत नाही. आणि ट्रॅकचं म्हणाल तर बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, एमएमआरडीएने (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) २०११ च्या सुमारास सुमारे १३ किलोमीटरचा सायकल ट्रॅक बांधला होता, त्यावर गाड्या पार्क व्हायच्या, बाइक पळायच्या, आणि २०२५ मध्ये ठरलं की ट्रॅकच काढून टाकू आणि रस्ता रुंद करू. म्हणजे ज्यांनी ट्रॅक अडवला त्यांनाच तो मिळाला. यावर महापालिकेशी, एमएमआरडीएशी भांडायलाच हवं आणि मी भांडणाऱ्यांच्या सोबत आहे. पण ट्रॅक नाही म्हणून मी कॅडल रोडला सिग्नल तोडणार हे गणित काही जुळत नाही, तिथे तुमच्यासमोर एमएमआरडीए नसते, शाळेतून पोरांना घेऊन येणारी बाई असते. पहाटे चारला सी लिंकवर सायकल घालून रील बनवणारे जे आहेत त्यांच्याबद्दल मी काही लिहीत नाही, संपादक कापतील.

प्रश्न : मुलगा सातवीत आहे, बोरिवलीत क्लासला सायकलने जातो. मी त्याला फुटपाथवरून चालव म्हणते, नवरा म्हणतो रस्त्याने जाऊ दे, शिकेल. क्लासच्या अलीकडे थोडं अंतर सगळीच मुलं राँग साइडने जातात. काय सांगू त्याला?
(एक आई)

उत्तर : फुटपाथवर सायकल चालवायला पोलीस कायद्यात मनाई आहे, तिथे सूट फक्त बाबागाडीला, पण सातवीतल्या पोराला कोणी पकडणार नाही हे आपल्याला दोघींना माहितीये. प्रश्न असा की मुंबईच्या फुटपाथवर दुकानांचे बोर्ड, फेरीवाले, आजी-आजोबा, आणि दर थोड्या अंतरावर सोसायटीचं गेट ज्यातून कार रिव्हर्स येते. ती बाहेर काढणारा फुटपाथवर सायकल येईल अशा अपेक्षेत नसतोच. म्हणून आतल्या गल्ल्यांचा रस्ता शोधून द्या, लांब पडला तरी चालेल, आणि तो रस्ता पहिले काही दिवस त्याच्या बाबांना त्याच्याबरोबर सायकलने करू दे, एवढा आत्मविश्वास आहे तर. शेवटचा राँग साइडचा तुकडा मात्र उतरून फुटपाथवरून चालत, सगळे मित्र जात असले तरी. मित्र चिडवतील त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

बाकी त्याला वळायच्या आधी मागे बघून हात दाखवायला शिकवा, उभ्या गाड्यांपासून दरवाज्याएवढं अंतर, कानात इअरफोन नाही. संध्याकाळचा क्लास असेल तर पुढे पांढरा आणि मागे लाल लाइट, काळ्या रेनकोटऐवजी पिवळा घ्या. पावसात रिमचे ब्रेक ओले झाले की लवकर पकडत नाहीत, हे त्याला सांगून कळणार नाही, सोसायटीच्या आवारात पाणी ओतून एकदा करून दाखवा.

प्रश्न : ताई मी कुर्ल्यात फूड डिलिव्हरी करतो, बॅटरीवाली सायकल आहे, लायसन्स नाही. पोलीस कधी थांबवतात कधी सोडतात. माझी सायकल सायकलमध्ये येते का गाडीत? आणि वेळेत पोचलो नाही तर पैसे कटतात, सिग्नलला थांबलो तर कसं चालेल?
(कुर्ला)

उत्तर : केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटर २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ पेक्षा कमी, बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत, असं असेल आणि मान्यताप्राप्त संस्थेने तपासून तसा दाखला दिलेला असेल तर ती मोटार वाहन धरत नाहीत. तो दाखला दुकानदाराकडून माग, फोटो मोबाइलमध्ये ठेव, पोलिसांनी थांबवलं की वाद न घालता दाखव. पण दुकानात 'स्पीड खोलून देतो' म्हणून वायर कापून घेतली असशील, ४० ने पळत असेल, तर ती सायकल राहिली नाही, विनानंबर, विनाइन्शुरन्स गाडी झाली, आणि तू कोणाला धडकलास तर भरपाई तुझ्या खिशातून जाईल. वायर परत जोडून घे, आजच.

वेळेचं तू म्हणतोस ते मला पटतं, उपदेश करायला माझं काय जातं. घड्याळ लावणारा एसीत बसतो आणि सिग्नल तुला तोडावा लागतो, दोष पहिला त्याचा. तरी हिशेब करून बघ, एका ऑर्डरमध्ये सिग्नल तोडून किती मिनिटं वाचतात आणि लिफ्टची वाट बघण्यात, वॉचमनच्या वहीत किती जातात. डबेवाले बघ, हँडलला, कॅरिअरला डबेच डबे लटकवून दादर, लोअर परळच्या गर्दीतून सायकल काढतात, त्यांची वेळ रस्त्यावरच्या घाईने नाही सांभाळली जात, डबे कुठे उतरवायचे, कोणी कुठला घ्यायचा ते आधीच ठरलेलं असतं म्हणून सांभाळली जाते. तेही कधीमधी राँग साइडने जाताना दिसतात, नाही असं नाही.

प्रश्न : वडील विक्रोळीत सायकलने येताना कारने उडवलं, पाय मोडला. ते थोडं राँग साइडने होते हे खरं आहे. कारवाला म्हणतो चूक तुमचीच, काही मिळणार नाही, वर वडिलांकडे हेल्मेट आणि लायसन्स नव्हतं असं त्याचा वकील म्हणतो.
(विक्रोळी)

उत्तर : लायसन्स आणि हेल्मेट सायकलला लागतच नाही, तो मुद्दा तिथेच संपला. राँग साइडचा मुद्दा संपत नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली दावा केलात तर न्यायाधीश दोघांच्या निष्काळजीपणाची वाटणी करतात आणि वडिलांच्या वाट्याला जेवढे टक्के येतील तेवढी भरपाई कापली जाते. याचा अर्थ शून्य मिळतं असा नाही. कार किती वेगात होती, ब्रेकच्या खुणा आहेत का, ड्रायव्हर मोबाइलवर होता का, यावर तो टक्का हलतो. दुसरा मार्ग कलम १६४ चा, तिथे चूक कोणाची हे सिद्धच करावं लागत नाही, मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख, आणि हाड मोडणं गंभीर दुखापतीतच येतं. उपचारांचा खर्च आणि बुडालेली कमाई त्याहून बरीच जास्त असेल तर १६६ बघावं, नाहीतर १६४, दोन्हींचे पैसे मिळत नाहीत, तेव्हा आधी वकिलाशी बसा.

कायद्यात दाव्याला सहा महिन्यांची मुदत आहे, पाय बरा होईपर्यंत थांबू नका. एफआयआर आणि घटनास्थळ पंचनाम्याची प्रत घ्या, दवाखान्याची सगळी बिलं आणि एक्स-रे एका फाइलमध्ये लावा, वडिलांची कमाई दाखवणारं जे असेल ते, पासबुक चालेल. पोलिसांना जबाब देताना राँग साइडने होतो हे लपवू नका, पंचनाम्यात सायकल कुठे पडली होती ते लिहिलेलं असतं, खोटं सापडलं की बाकीच्या खऱ्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही. आणि समोरच्या दुकानाचं सीसीटीव्ही फुटेज काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, त्यामुळे हा अंक हातात पडल्यावर आधी त्या दुकानात जा, माझ्याकडे नंतर या.